नुसती ओळख सांगितली

११ फेब्रुवारी २०१९

आज कामाचं काहीच झालं नाही. घाटी दवाखान्यातल्या कातडीच्या ओपीडीबाहेर बसायचं, जन्मापासून कातडीचा आजार असलेलं कुणी आलं की दोन शब्द बोलायचे आणि अभ्यासासाठी भेटाल का म्हणून विचारायचं, एवढंच माझं काम. पण माणसं मलम घेऊन एस.टी. गाठायच्या घाईत असतात. एका बाईनं विचारलं, "औषध हाय का तुमच्याकडं?" नाही म्हणालो. "मग बोलून काय करू?"

याचं उत्तर माझ्या सिनॉप्सिसमध्ये असायला पाहिजे. खोलीवर आल्यावर काढून बघितलं. नाही.

खोलीवर यायला उशीर झाला कारण बीड बायपासला बोअरची गाडी लागलेली दिसली. नवी प्लॉटिंग, नुसते चुना लावलेले दगड रोवलेत, गवताची काडी नाही. गाडी खाली खाली चाललेली अन वर नुसता फुफाटा. दोन तास तिथंच उभा राहिलो. मालकानं विचारलं, कोण तुम्ही? म्हणालो, मानसशास्त्रात पीएच.डी. करतोय. तो म्हणाला, "मग सांगा की, पाणी लागंल का?"

लागलं नाही. गाडी गेली, मालक एकटाच उभा राहिला. मीही थोडा वेळ थांबलो.

माझा खोलीतला जोडीदार नोकरी लागून पुण्याला गेल्यापासून त्याची कॉट तशीच आहे. मी तिच्यावर कपडे टाकून ठेवतो, म्हणजे रिकामी दिसत नाही.

१६ फेब्रुवारी

शेवटी एकजण हो म्हणाला. आज त्याच्या घरी, बिडकीनला, जाऊन आलो. अभ्यासात त्याचा नंबर सात. नाव गोकुळ, माझ्याच वयाचा. जन्मापासून सगळ्या अंगावर माशाच्या खवल्यासारखी कातडी. घाम येत नाही, त्यामुळं उन्हात गेला की अंगातली उष्णता अंगातच राहते आणि डोकं गरगरतं. दोन वेळा पाण्यात भिजून तेल लावलं तर कातडी मऊ राहते, नाहीतर भेगा पडतात. पण टँकर आता तिसऱ्या दिवशी येतो, म्हणून एकदाच भिजतो.

यांची जमीन इंडस्ट्रीत गेली. मावेज्याच्या पैशात नवं स्लॅबचं घर झालं, वर गच्चीवर पत्र्याची एक खोली. गोकुळ तिथं राहतो. खाली आई वच्छलाबाई आणि धाकटी बहीण ज्ञानेश्वरी. वडील नाहीत.

मी संमतीचा कागद वाचून दाखवला. तुमचं नाव कुठंही येणार नाही, फक्त नंबर येईल.

"बरं झालं," तो म्हणाला. "गावात मला नुसतं 'त्ये' म्हणतात. नंबर तरी इज्जतीचा."

मग प्रश्नावली घेतली. मला आपलं म्हणणारं कुणी आहे असं वाटतं: कधीच नाही, कधीकधी, नेहमी. तो हसला. "कधीकधीवरच लई लोकं टिक करीत असतील, नाय का? तुम्ही कशावर केली?"

मी म्हणालो, संशोधकानं भरायची नसते.

"आसं कुठं लिवलंय?"

निघताना वच्छलाबाईंनी जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी, वाळल्या मेथीची भाजी. मेसच्या जेवणानंतर भाकरी म्हणजे... असो. हे डेटा नाही.

२३ फेब्रुवारी

पुन्हा बिडकीन. काही मुद्दे राहिले होते म्हणून.

२७ फेब्रुवारी

मॅडमचा फोन. माझ्या गाईड. "बिभीषण, मला तीस माणसं पाहिजेत. तू एकाच माणसाच्या तीस मुलाखती आणू नकोस."

मी म्हणालो, सखोल माहिती मिळतेय.

"पार्टिसिपंट म्हणजे मित्र नव्हे, बाळा. एवढं लिहून ठेव."

लिहून ठेवलं.

३ मार्च

गोकुळला दौलताबादचा किल्ला बघायचा होता. जन्म इथलाच, पण किल्ला फक्त रस्त्यावरून पाहिलेला, तोही गाडीच्या काचेतून. ऊन चढायच्या आत म्हणून पहाटेच निघालो. त्यानं फुल बाह्या, मफलर, टोपी, सगळं चढवलेलं. वर चढताना त्याचा चेहरा लालबुंद झाला तेव्हा मी बाटलीतलं पाणी त्याच्या पाठीवर ओतलं. तो दगडावर बसून हसायला लागला. "आरं, प्यायला तरी ठिव!" आम्ही आता अरे-तुरेवर आलोय.

एका पोरानं आईला विचारलं, या काकाला काय झालं? आईनं त्याला ओढत नेलं. गोकुळ म्हणाला, "लिव, टिपून घे. तुझं काम व्हायलंय."

मी वही आणलीच नव्हती.

खाली आल्यावर त्यानं मफलर काढला. अंजीरवाल्यांच्या टोपल्यांपाशी उभं राहून आम्ही अंजीर खाल्ले. तेवढ्यात तो एकदम माझ्या मागं सरकला. पलीकडं त्याच्या नात्यातला एक पाव्हणा अंजीर घेत होता. "बघितलं का रे त्यानं?" मला वाटलं नाही. गोकुळनं परत येताना मफलर पुन्हा गुंडाळला, पण उतरताना म्हणाला, "पुढच्या बारीला वेरूळ."

१० मार्च

ज्ञानेश्वरीला बघायला वैजापूरचे पाव्हणे आले होते. कांद्याचे अडते, चांगली माणसं म्हणे. मी गेलो नव्हतो, पण गोकुळ वरच्या खोलीतून फोनवर होता, कुजबुजत. कुणी आलं की त्यानं वरच राहायचं हे त्यांच्या घरात ठरलेलं आहे. कुणी सांगावं लागत नाही. आधीची दोन स्थळं त्याच्यामुळं मोडली.

"खाली पोहे चाललेत," तो म्हणाला. थोड्या वेळानं, "हसले." मग, "पोरगा बोलतोय वाटतं, आवाज बारीक हाय."

पाव्हणे उठेपर्यंत आम्ही फोन ठेवला नाही. बरेचदा दोघंही काहीच बोलत नव्हतो. मी इकडं कपड्यांना साबण लावत होतो.

पसंती झाली. भावाचं काय सांगणार, असं मी विचारलं. तो म्हणाला, "आई म्हणती, लग्न होऊन पोरगी रुळली की सांगू. तवर मी हैदराबादला कंपनीत हाय." मग म्हणाला, "पगार चांगला हाय मला."

२६ मार्च

आजचा दिवस झकास गेला.

वैजापूरजवळच्या एका गावात भेटायला जायचं होतं, पण ते घर बंद. परतीच्या बसला वेळ होता म्हणून मार्केट यार्डात शिरलो. कांद्याचा लिलाव चाललेला. बोली लावणारा माणूस ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर असा पळत जातो अन त्याच्या मागं सगळे व्यापारी, जणू कुणाची वरात. मी पण त्यांच्या मागं पळत सुटलो. एकानं मला व्यापारी समजून भाव विचारला.

मग ऊन लागलं. एका आडतीवर पाणी मागितलं. मालक कारभारी म्हणून, साठीचे, पांढरी टोपी. गडी म्हणाला, पाणी विकतचं आहे. कारभारींनी विचारलं, "कुणीकडचे तुम्ही?"

आता हे मला लहानपणापासून येतं. आमची मेंढरं घेऊन नव्या शिवारात गेलं की माझे वडील, बापू, आधी ओळख लावायचे. अमक्या गावचा तमका आमच्या वळखीचा, त्याच्या वावरात आम्ही बसायचो. ओळख लागली की विहिरीवर पाणी मिळतं, नाहीतर कुत्री सोडतात. माझ्या शाळेचं असंच झालं, या गावात दोन महिने, त्या गावात चार. पण हे मात्र मी पक्कं शिकलो. तेव्हा मी दोन-चार गावं टाकून बघितली. बिडकीन म्हणताच कारभारी सरसावून बसले.

"बिडकीनला तर आमच्या बद्रीनाथची सोयरीक जमलीय."

मी उडालोच! "वच्छलाबाईंची ज्ञानेश्वरी?"

"तुम्ही वळखता?"

"हप्त्यातनं दोनदा जेवतो त्यांच्याकडं!"

पंख्याखाली खुर्ची आली, पाणी आलं, चहा आला. मी ज्ञानेश्वरीची तारीफ केली, अगदी मनापासून. नर्सिंग केलंय, हाताला चव आहे, कुणाला उलटून बोलत नाही. मागं एकदा वच्छलाबाईंच्या घरासाठी काही करता यावं असं वाटलं होतं, ते आज झालं.

"घरी कोण कोण असतं त्यांच्या?" त्यांनी विचारलं.

"आई, ती, अन वर..." मी जीभ चावली. "आई अन ती. भाऊ हैदराबादला."

मग ते म्हणाले, "तुमचा अभ्यास कशाचा म्हणलात?" मी सांगितलं, जन्मजात कातडीच्या आजारांचा. त्यांनी नीट विचारलं, बापाकडनं पोराला येतं ते का? मी म्हणालो, आईकडूनही, आणि कधी आईबापात दिसत नाही तरी पोरात येतं. हिशोबाच्या पट्टीच्या कागदामागं पुरुषाला चौकोन, बाईला गोल असं काढून दाखवलं. गोकुळचं किंवा कुणाचंच नाव घेतलं नाही, ते मला कळतं. माझा अभ्यास इतक्या ध्यानानं आजवर कुणी ऐकला नव्हता, मॅडमनीसुद्धा नाही. ऐकता ऐकता त्यांचा चहा गार होऊन गेला.

स्टँडपर्यंत सोडायला गडी पाठवला. भली माणसं. ज्ञानेश्वरी सुखात राहील.

२ एप्रिल

गोकुळचा फोन बंद.

६ एप्रिल

अजून बंद. बिडकीनला जाऊन आलो. वच्छलाबाई खिडकीतूनच बोलल्या. "गोकुळ झोपलाय."

संध्याकाळचे पाच वाजले होते. म्हणालो, थांबतो. "नगा थांबू. पाण्याच्या वांध्याचे दिस हायेत." खिडकी लागली.

बसमध्ये विचार केला. मी जेवायला बसलो की दोन-दोन तांबे पाणी पितो. हात धुतो ते वेगळं. टँकर तिसऱ्या दिवशी, त्यात गोकुळचं भिजणं, त्यात वरून मी. आपल्याला कळायला पाहिजे होतं. मेंढक्याच्या पोराला पाण्याचं कळू नये म्हणजे काय!

९ एप्रिल

पाण्याचा वीस लिटरचा जार विकत घेऊन बसनं बिडकीनला नेला. कंडक्टरनं त्याचं हाफ तिकीट फाडू का म्हणून थट्टा केली. दार उघडलं नाही. जार ओट्यावर ठेवून आलो.

१५ एप्रिल

शेजारच्या पानटपरीवाल्याकडून कळलं की सोयरीक मोडली. वैजापूरकरांनी काहीच कारण दिलं नाही, नुसतं पोराला एवढ्यात करायचं नाही म्हणाले. म्हणजे पाण्याचं नव्हतं ते. घरावर असं आलंय, त्यात त्यांना माझं कुठलं सुचणार. वाईट वाटलं. तरी मनातल्या मनात थोडं बरंही वाटलं, माझ्यावर राग नाही म्हणून. हे लिहू नये, पण लिहिलं.

कारभारी असे वाटले नव्हते.

२४ एप्रिल

काहीच नाही. विद्यापीठाच्या लायब्ररीत एसी आहे म्हणून तिथं बसतो. आज एका पुस्तकात एकटेपणाची व्याख्या सापडली, दोन ओळींची. उतरवून घेताना समोरच्या पोरीनं विचारलं, ही खुर्ची घेऊ का? माझ्या शेजारची. म्हणालो, घ्या.

आईचा फोन आला, कुणाच्या तरी मोबाइलवरून. मेंढरं नदीकाठानं खाली गेलीत, तिथं थोडं हिरवं आहे. "तुझं कसं चाललंय?" चांगलं म्हणालो. "माणसं हायेत ना तिथं?" हो म्हणालो, दहा-बारा लाख.

९ मे

ज्ञानेश्वरी आली होती. डिपार्टमेंटच्या दारात उभी, स्कार्फ बांधलेला, मी आधी ओळखलंच नाही.

"दादा, तुम्ही वैजापूरला गेला होतात?"

मी खुशीनं हो म्हणालो. खरंच, खुशीनं. सांगणार होतो, किती चांगलं बोललो तुझ्याबद्दल.

"माझी मैत्रीण आहे तिथं, त्यांच्या गल्लीत. तिनं सांगितलं. तुम्ही त्यांना म्हणालात, आमच्याकडं हप्त्यातनं दोनदा येता. अन अभ्यास कशाचा करता तेही सांगितलंत."

"पण मी गोकुळचं नाव..."

"नाव कशाला पाहिजे?" ती म्हणाली. आवाज अजिबात चढवला नाही. "कडबाकुट्टीवाला कुणाच्या घरी जातो? ज्याच्याकडं जनावरं आहेत त्याच्याच ना?"

मी खाली बसलो. तिथंच पायरीवर. ते चौकोन अन गोल डोळ्यापुढं आले. कुणी एवढं कौतुकानं ऐकतंय म्हणून काढले होते मी.

म्हणालो, मी जातो वैजापूरला. त्यांना समजावतो. रक्ताच्या नात्याबाहेरचा मुलगा असेल तर तुझ्या पोरांना धोका जवळजवळ नसतो, त्याला शास्त्र आहे.

"नका," ती म्हणाली. "तुम्ही समजावलं म्हणूनच झालं ना हे? अन मला ते घर नकोच आता. पुढचं जे कुणी येईल त्याला आधी दादा दाखवायचा, मग पोहे. हे मी आईला सांगून टाकलंय. मी त्यासाठी नाही आले."

मग कशासाठी आली ते सांगितलं. गोकुळला वाटतंय की दौलताबादला त्या पाव्हण्यानं त्याला बघितलं अन वैजापूरला कळवलं. त्याच्या फिरायच्या हौसेपायी बहिणीची सोयरीक मोडली. तेव्हापासून तो खोलीच्या बाहेर आलेला नाही. फोन त्यानंच बंद केलाय. वर पत्र्याची खोली, मे महिना. रात्रीसुद्धा गच्चीवर येत नाही. भिजायला दिलेलं पाणी तसंच खाली पाठवतो, म्हणतो माझ्यावर नका घालवू.

"आईला अजून माहीत नाही तुमचं. तिलाही तेच वाटतं, त्याच्यामुळंच. ती बोलत नाही त्याच्याशी."

"तू का नाही सांगितलंस त्याला?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "त्याला तुम्ही एकच मित्र आहात, दादा. तुमच्याबद्दल हे मी कसं सांगू?"

१० मे

गेलो नाही. सकाळी बस स्टँडपर्यंत गेलो. बिडकीनवरून जाणारी पैठणची गाडी लागलेली होती. मग सिडकोपर्यंत चालत गेलो, तिथून पुढं कुठं कुठं. नवा पूल बघितला.

कुणीच सांगितलं नाही तर काय होईल? तो मला कधी ना कधी फोन लावील. आम्ही वेरूळला जाऊ. त्याला वाटत राहील की ते त्याच्यामुळं झालं. याच्यावर मी दिवसभर विचार केला, हे खरं आहे.

११ मे

गेलो. दार ज्ञानेश्वरीनं उघडलं. वच्छलाबाई चुलीकडून उठून आल्या. "आता काय ऱ्हायलंय तुमचं इथं?" ज्ञानेश्वरी म्हणाली, आई, जाऊ दे त्यांना वर.

खोलीत भट्टी पेटल्यासारखं होतं. गोकुळ लुंगी-बनियनवर, ओलं फडकं डोक्याला, भिंतीला टेकून. हाताच्या भेगांतून रक्त आलेलं. मला बघून त्याचं तोंड उजळलं. हे मी कधी विसरणार नाही, म्हणून लिहून ठेवतो. उजळलं.

"आलास व्हय. बस. तुला बोललो नाय म्हणून रागावू नको. माझ्यामुळं लई झालं रे इथं. तुझा काय दोष नाय, मीच म्हणलो होतो किल्ला दाखव."

तो माझीच समजूत काढत होता.

मी सांगितलं. उभ्यानंच. तो म्हणाला, "शब्दाला शब्द सांग." मग पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, लिलाव, पाणी, कारभारी, चौकोन, गोल. शेवटी म्हणालो, मी आजार तुझा म्हणून सांगितला नाही, नुसती ओळख सांगितली.

"तू ज्याच्या घरी जेवतोस त्याच्या घरी आजार, बिभीषण. तुझी ओळख हीच हाय."

मग त्यानं विचारलं, "म्हंजी दौलताबादचं नव्हतंच?"

"नाही."

"मी बाहेर गेलो त्याचं काय नव्हतंच?"

"नाही, गोकुळ."

तो उठला. मला वाटलं पाणी प्यायला. त्यानं माझी बॅग उचलली अन गच्चीवरून खाली रस्त्यावर फेकली. मग माझ्या शर्टाला धरून जिन्यानं खाली, पुढच्या खोलीतून, दारातून बाहेर. मी हात आडवा केला नाही. भर दुपारची वेळ. टँकर नुकताच गेलेला, बाया हंडे उचलत होत्या, सगळी गल्ली बाहेर. अन तो त्यांच्यामध्ये, बनियनवर, उघड्या दंडानं, ओरडत होता.

"दीड महिना भाजून निघालो मी हितं! आई माझं तोंड बघंना! अन तू रं? तू जार ठिवून जातोस व्हय? जार!"

कुणीतरी म्हणालं, गोकुळ, आत चल, ऊन लागंल.

"लागू द्या!" तो गर्रकन वळला. "काय बघता? मीच त्यो. वच्छलाबाईचा थोरला. हैदराबादला नव्हतो, वर होतो. बघायचं तर नीट बघून घ्या एकदा."

वच्छलाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. ज्ञानेश्वरी हंडा घेऊन आली आणि सगळ्यांदेखत त्याच्या डोक्यावर ओतला, पूर्ण. एका बाईच्या तोंडून "अगं पाणी!" असं निघालं. ज्ञानेश्वरीनं तिच्याकडं पाहिलंही नाही.

मला म्हणाला, "जा तू. पुन्हा येऊ नको."

मी बॅगेतले कागद गोळा केले अन निघालो. कोपऱ्यावर येऊन मागं वळलो. मला वाटलं होतं, आता आत गेला असेल. तो ओट्यावरच बसलेला, निथळत. वच्छलाबाई त्याच्या खांद्यावर पदर टाकत होत्या. समोरच्या घरातला एक म्हातारा काठी टेकत आला आणि त्याच्या शेजारी बसला. काहीतरी विचारत होता. गोकुळ हातवारे करून सांगत होता, खूप वेळ, अन म्हातारा मान डोलवत होता. काय सांगत होता ते तिथवर ऐकू येत नव्हतं. माझी बस आली, गेली. दुसरी आली तरी तो अजून बाहेरच होता.